हा निर्णय नेमका कुणाचा?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे कोऑर्डिनेशनचं काम आलं. कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवायची. ऑर्डरी भरपूर होत्या, पण माल सतत उशिरा जायचा. मला वाटलं, माणसं कमी पडत असतील. माझ्या वरिष्ठांनी सांगितलं, उशीर झालेल्या शेवटच्या 10 ऑर्डरी काढ आणि प्रत्येकीसमोर तीन नावं लिही: तारीख कुणी दिली, ती पाळता येईल का हे कुणाला माहीत होतं, आणि चुकल्यावर कुणाला निस्तरावं लागलं.

10 पैकी 8 ऑर्डरींत तारीख सेल्सने दिली होती. उरलेली दोन्ही नावं दर वेळी प्लॅनिंगमधल्या एकाच ताईंची. कोणतं मशीन दुरुस्तीला आहे, कोणता कच्चा माल अजून आलेला नाही, हे त्यांना तोंडपाठ असायचं. त्यांना विचारलंही जायचं, पण ग्राहकाला शब्द देऊन झाल्यावर. सेल्सची माणसं बेफिकीर नव्हती, हे मुद्दाम सांगते. ग्राहक फोनवर अडून बसायचा आणि तारीख सांगायची मुभा त्यांनाच होती.

मग ठरलं की तारीख प्लॅनिंग देणार. सेल्सने ग्राहकाची निकड सांगायची. एखादी ऑर्डर पुढे घ्यायचीच असेल, तर त्यापायी कोणती मागे जाईल हे सेल्सच्या प्रमुखांनी सांगायचं आणि त्या दुसऱ्या ग्राहकाला फोनही त्यांनीच करायचा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या शेवटच्या अटीने पडला. ‘अर्जंट’ हा शब्द फार जपून वापरला जाऊ लागला.

खरी परीक्षा तीन आठवड्यांनी झाली. एका मोठ्या ग्राहकाने थेट संचालकांना फोन केला आणि त्यांनी परस्पर तारीख देऊन टाकली. ताई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “मग मला विचारता कशाला?” मी ते संचालकांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ग्राहकाला पुन्हा फोन केला, “तारीख प्लॅनिंगकडून कळेल” असं सांगितलं. त्या दिवशी ते मागे हटले नसते तर नवी पद्धत कागदावरच राहिली असती. अधिकार दिला म्हणजे नावडता निर्णयही मानायचा, हे वरच्यांनाच सगळ्यात जड जातं.

टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसला की लाइनवरचा कामगार दोरी ओढतो, आता काही ठिकाणी बटण दाबतो. टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोष आधी दिसतो त्याच्याच हातात दोरी आहे. याच्या उलट घडलं अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाच्या बाबतीत. 28 जानेवारी 1986 च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडीत रॉकेटच्या सांध्यांतली रबरी सीलं दगा देतील असं ती रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते. शेवटचा कौल कंपनीच्या चार व्यवस्थापकांनी दिला. विरोध करणाऱ्या अभियंत्यांचं मत त्यात धरलंच नाही. उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. त्या रात्री सल्ला विचारला गेला होता. म्हणून मीटिंगमध्ये “सगळ्यांशी बोललोय” असं कुणी म्हणालं, की मी विचारते: थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे?

अर्थात प्रत्येक गोष्टीला एवढा खल नको. उद्या बदलता येईल असा निर्णय कामाच्या जवळच्या माणसाला लगेच घेऊ द्या, तो नवखा असला तरी. मोठं मशीन घेणं, कुणाला कामावरून कमी करणं, लांबचा करार करणं, अशा परत न फिरणाऱ्या गोष्टींसाठी वेळ राखून ठेवा. आणि नाव एकच लिहा. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघतात.

तुम्ही नवीन असाल तर हे ठरवणं तुमच्या हातात नसतं, पण विचारणं असतं. मी मेल लिहायचे: “माझ्या समजुतीप्रमाणे हा निर्णय अमुक यांचा आहे. गुरुवारपर्यंत वेगळं कळलं नाही तर त्यांच्याकडे पाठवते.” पहिल्यांदा असा मेल पाठवला, तेव्हा तासाभरात दोघांची उत्तरं आली आणि दोघांनीही लिहिलं होतं, “हा माझा निर्णय आहे.” महिनाभर अडकलेलं ते काम त्या दोघांनी समोरासमोर बसून दहा मिनिटांत मोकळं केलं.