पाणचक्की पुन्हा फिरवताना या चुका टाळा

जुनी पाणचक्की चालू करायची म्हटलं की सगळा पैसा आणि उत्साह चाकावर खर्च होतो. पण पीठ बिघडतं ते दगडांमध्ये, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत नाहीतर दाण्याच्या धारेत असतं. दोष शोधायला तिथूनच सुरुवात करावी.

ताकद कमी पडते म्हणून चाकाचा व्यास वाढवणं ही नेहमीची चूक. सेकंदाला 100 लिटर पाणी 3 मीटर खाली येत असेल, तर त्यात साधारण 3 किलोवॉट ताकद असते. कितीही मोठं चाक लावा, त्याहून जास्त मिळणार नाही. पाणी चाकाला कुठे द्यायचं हे मात्र आपल्या हातात असतं. इंग्रज अभियंता जॉन स्मीटन यांनी चाकांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून 1759 मध्ये दाखवलं, की खालून लोटलेलं चाक पाण्याची सुमारे 22 टक्के ताकद कामी लावतं, तर वरून भरणारं चाक सुमारे 63 टक्के. उतार असूनही खालून लोटणारं चाक बसवणं म्हणजे पाणी वाया घालवणं.

चालू चाक सुस्त झालं, तर आधी खालचा पाट, म्हणजे चाकातून पडलेलं पाणी वाहून नेणारी वाट, बघा. तिथे गाळ साचून पाणी तुंबलं की चाकाची पाती त्या पाण्यात रुततात. वरून कितीही पाणी सोडलं तरी मग उपयोग होत नाही.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे दाणा संपल्यावरही दगड फिरत ठेवणं. सव्वा मीटर व्यासाचा वरचा दगड मिनिटाला सुमारे 120 फेरे घेतो. मध्ये दाणा नसेल, तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात आणि हवेत पिठाची धूळ असतेच; ती पेटली की स्फोट होतो. 2 मे 1878 रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या वॉशबर्न ए गिरणीत, जी पाण्यावरच चालत होती, असाच स्फोट झाला आणि 18 जण मेले. कोरड्या फिरलेल्या दगडांची ठिणगी हेच त्याचं कारण मानलं गेलं. जुन्या चक्क्यांत दाणा कमी झाला की वाजणारी घंटा हॉपरला, म्हणजे दाणा ओतायच्या पेटीला, बांधलेली असे. ती शोभेची समजून काढून टाकू नका.

पीठ गरम येतंय, करपल्याचा वास येतोय? दगड फार जवळ आलेत, किंवा टाकी लावून, म्हणजे छिन्नीने दगडावरच्या खाचा पुन्हा कोरून, बरेच दिवस झालेत. फट मध्यभागी जास्त आणि कडेला कागदाइतकी हवी. दगड एकमेकांना टेकता कामा नयेत. खाचा बोथट झाल्या की दाणा कापला जात नाही, चिरडला जातो. अशा वेळी फट आणखी कमी करणं हा उपाय नव्हे. दगड उचलून टाकी लावावी लागते. पिठात कच येत असेल, तर वरच्या दगडाचा तोल तपासा. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: जुन्या दगडांत तोल साधायला किंवा लोखंड घट्ट बसवायला शिसं ओतलेलं असू शकतं. अशा चक्क्यांच्या पिठातून विषबाधा झालेल्या आहेत. शिसं पूर्ण निघेपर्यंत त्या दगडाचं पीठ कुणाला खायला देऊ नका.

लोखंडी दंतचक्राला भिडणारे लाकडी दात बदलून लोखंडी बसवण्याचा मोह टाळा. लाकडी दात आवाज कमी करतात, ठिणगी पाडत नाहीत, आणि काही अडकलं तर एखादा दात मोडतो, अख्खं चक्र नाही. दातांची संख्याही तीच ठेवा. ती मुद्दाम अशी धरलेली असते, की तेच दोन दात दर फेऱ्यात समोरासमोर येऊ नयेत आणि झीज सगळीकडे सारखी व्हावी.

काही चक्क्यांत दंतचक्रं नसतातच. ती हरवली असं समजून शोधू नका. हिमालयातल्या घराटात, म्हणजे तिथल्या पारंपरिक पाणचक्कीत, चाक आडवं असतं आणि त्याच्याच उभ्या आसावर वरचा दगड फिरतो. तिथे वेग वाढवायचा, तर पन्हळीचा उतार आणि धारेचा कोन बघावा. उलट, दंतचक्रांची चक्की नवी समजण्याचीही चूक होते. विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने तिचं वर्णन इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच केलं आहे, आणि फ्रान्समधल्या बार्बेगालला दुसऱ्या शतकात उतारावर 16 चाकांची गिरणी उभी होती.

चक्की बंद ठेवायची असेल, तर लाकडी चाक एकाच जागी उभं सोडू नका. खालचा भाग पाणी पिऊन जड होतो, वरचा वाळून आक्रसतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर चाक हेलकावत फिरतं. दर काही दिवसांनी ते अर्धा फेरा फिरवून ठेवा.