गाजावाजा नसलेले नवे गोल्फ कोर्स कसे शोधायचे आणि कसे पारखायचे

पुण्यात गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात भारी कोर्स कुठला, की नावं ठरलेली असतात. कलकत्त्याचं रॉयल, दिल्ली गोल्फ क्लब, आणि पुण्यातलं म्हणाल तर येरवड्याचं आपलं जुनं मैदान. ही सगळी चांगलीच आहेत, वाद नाही. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे नवे कोर्स झाले त्यातले कितीतरी असे आहेत की त्यांच्याकडे कुणी लक्षच देत नाही, कारण तिथे मोठी टुर्नामेंट होत नाही, भिंतीवर जुन्या कॅप्टनांची नावं नाहीत, मेंबरशिपची वेटिंग लिस्ट नाही. मला मनापासून वाटतं की हे चुकीचं आहे आणि हे बदलायचं असेल तर आपणच तिथे जाऊन खेळलं पाहिजे आणि नीट बघून बोललं पाहिजे. म्हणून ही माहिती लिहितोय, नवीन शिकणाऱ्यांना पण कळेल अशी.

आधी रँकिंगचं. त्या याद्या वाचा, पण त्यावरून ठरवू नका. अमेरिकेतलं गोल्फडायजेस्ट मासिक बरीच वर्षं कोर्सला मार्क देताना स्कोअर करणं किती अवघड आहे याचे वेगळे मार्क द्यायचं, म्हणजे अवघड कोर्सला आपोआप फायदा. शिवाय अशा याद्यांसाठी ठराविक संख्येने परीक्षक येऊन खेळून गेलेले लागतात, मग आडगावातला कोर्स कितीही सुंदर असला तरी तिथे माणसंच पोचली नाहीत तर तो यादीत येणार कसा? गोल्फवीक या दुसऱ्या मासिकाचं एक बरं आहे, ते 1960 नंतरच्या कोर्सची यादी वेगळी काढतात, जुन्यांच्या सावलीत नवे झाकले जात नाहीत. मी पण इथे नवे म्हणतोय ते त्याच अर्थाने, पण माझा भर 1995 नंतरच्यांवर जास्त आहे.

दुसरं म्हणजे डिझायनरचं मोठं नाव. ते बघून भुलू नका आणि नाव माहीत नाही म्हणून सोडूनही देऊ नका. आपल्याकडचा बावधनच्या पुढे लवळ्याच्या डोंगरातला ऑक्सफर्ड घ्या, तो ऑस्ट्रेलियाच्या फिल रायन यांनी आखलाय, हे तिथे नेहमी खेळणाऱ्यातल्या पण सगळ्यांना माहीत नसतं. हाच कोर्स एखाद्या जगप्रसिद्ध माजी चॅम्पियनच्या नावावर असता तर बेंगळुरू-दिल्लीचे लोक विमान पकडून आले असते असं मला ठामपणे वाटतं.

आता शोधायचं कसं. मी पहिलं काम करतो ते गूगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून कोर्स वरून बघायचा. यात खूप कळतं, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे. एक, होल म्हणजे टीपासून (पहिला शॉट मारायची जागा) ग्रीनपर्यंतचा (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) एक टप्पा, तर एका ग्रीनपासून पुढच्या होलची टी किती लांब आहे ते बघा, जवळ असेल तर आखणाऱ्याने जमिनीच्या चालीने होल बसवलेत, आणि मधे रस्ते-बंगले ओलांडून जावं लागत असेल तर आधी प्लॉट विकलेत आणि उरलेल्या जागेत होल कोंबलेत. आपल्याकडच्या टाउनशिपमधल्या कोर्सचा हाच मोठा प्रॉब्लेम आहे. दोन, होलच्या दिशा बघा, सगळे एकमेकांना समांतर जाऊन-येऊन असतील तर वारा फक्त दोनच बाजूंनी लागणार, दिशा बदलत असतील तर प्रत्येक होलवर वेगळा विचार करावा लागतो. तीन, फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा, किती रुंद आहेत. रुंद म्हणजे सोपा असं नाही हं. रुंद फेअरवेत डावीकडून गेलात तर ग्रीन उघडं दिसतं आणि उजवीकडून गेलात तर बंकर (वाळूचा खड्डा) आडवा येतो, अशी निवड असेल तर तो कोर्स हुशार आहे. अरुंद आणि दोन्हीकडे झाडं, त्यात निवड कसली, सरळ मारा नाहीतर बॉल शोधत बसा.

मग फोन करायचा. बाहेरच्यांना खेळता येतं का, किती होल चालू आहेत, बगी (मैदानावरची छोटी गाडी) सक्तीची आहे का चालत खेळू देतात, हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) सर्टिफिकेट लागतं का, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) मिळेल का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रीनना भोकं पाडून वाळू टाकायचं काम कधी झालंय किंवा होणार आहे. हे विचारायला बहुतेक जण विसरतात आणि मग ग्रीन खडबडीत होते म्हणून कोर्सला नावं ठेवतात, बिचारे माळी तर गवत निरोगी राहावं म्हणूनच ते करत असतात. वीकडेला गेलात तर ग्रीन फी पण कमी पडते आणि मागून घाई करणारं कुणी नसतं.

स्कोअरकार्डवर किंवा वेबसाइटवर कोर्स रेटिंग आणि स्लोप असे दोन आकडे असतात ते बघायची सवय लावा. स्लोप 55 ते 155 मधे असतो आणि 113 हा साधारण मानलेला आकडा. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपवाल्याला किती शॉट लागतील, आणि स्लोप म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याला त्याच्या तुलनेत किती जास्त त्रास होईल. रेटिंग चांगलं वरचं पण स्लोप फार नाही असा कोर्स दिसला तर तो मी लगेच लिहून ठेवतो, कारण तिथे चांगल्या खेळाडूला पण डोकं लावावं लागतं आणि साध्या खेळाडूला पण बॉल न हरवता राउंड पूर्ण करता येतो. हे दोन्ही एकत्र जमवणं फार अवघड असतं आणि माझ्या मते कोर्स किती भारी आहे याची खरी कसोटी हीच.

टी निवडताना मोठेपणा नको. 2011 मधे अमेरिकेत टी इट फॉरवर्ड म्हणून मोहीम झाली होती, त्यातला हिशोब असा की तुमचा ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब शॉट) 200 यार्ड जात असेल तर 5200 ते 5400 यार्डांचा कोर्स खेळा, 225 जात असेल तर 5800 ते 6000. आपल्याकडे सगळे मागच्या टीवरून खेळतात आणि मग प्रत्येक पार फोरला (चार शॉटमधे संपवायच्या होलला) दुसऱ्या शॉटला पण वुड, म्हणजे लांब मारायची काठी, काढावी लागते, मग म्हणतात कोर्स कंटाळवाणा आहे. योग्य टीवरून खेळला नाहीत तर डिझायनरने काय विचार केला होता तो तुम्हाला दिसणारच नाही.

प्रत्यक्ष मैदानावर काय बघायचं तर आधी जमीन. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो त्यामुळे पाणी कसं निचरतं याला मी सगळ्यात जास्त मार्क देतो. काळी माती पाणी धरून ठेवते, मुरमाड जमीन सोडून देते, आणि चांगल्या कोर्समधे फेअरवेवर वाळूचा थर दिलेला असतो. ग्रीन तर खालून बांधलेलीच असते, नेहमीच्या पद्धतीत तळाला साधारण 10 सेंटीमीटर खडी आणि वर 30 सेंटीमीटर वाळूचं मिश्रण. मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा, कुठे तळी साचलीत आणि कुठे बॉल उड्या मारत पळतोय, त्या एका सकाळीत कोर्स बनवणाऱ्याची सगळी मेहनत किंवा आळस दिसतो. गवत बहुतेक ठिकाणी बर्म्युडा जातीचं असतं, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातलं, ते कडक उन्हात टिकतं, त्यामुळे मे महिन्यात थोडं पिवळं दिसलं म्हणून लगेच मार्क कापू नका. हिरवंगार म्हणजे चांगलं असं काही नाही, जमीन टणक असेल आणि बॉल पळत असेल तर खेळायला जास्त मजा येते आणि पाणी पण कमी लागतं, आपल्या भागात याचा विचार व्हायलाच पाहिजे.

मग ग्रीन. ग्रीनवर पोचलात की खेळून झाल्यावर मागे जाऊन उभे राहा आणि आलात त्या दिशेने बघा. कुठून आलो असतो तर सोपं गेलं असतं ते मागून लगेच कळतं. पार थ्री चारही वेगवेगळ्या लांबीचे आहेत का, एखादा छोटा पार फोर आहे का जिथे मोह होतो, ग्रीनच्या बाजूला गवत कापलेलं आहे का, म्हणजे पटरने जमिनीवरून ढकलणं किंवा चिप म्हणजे छोटा उचललेला शॉट, काहीही वापरता येईल. आणि रात्री झोपताना सगळे होल पहिल्यापासून आठवून बघा. जे आठवत नाहीत ते एकसारखे होते. तीन-चार सोडून सगळे आठवले तर कोर्स नक्कीच चांगला आहे, मग यादीत असो नसो.

उंचीचा हिशोब मात्र पुणेकरांनी लक्षात ठेवायलाच हवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे बॉल इथे जवळपास दोन टक्के जास्त जातो. खाली कोकणात उतरलात की त्याच आयर्नचा (लोखंडी तोंडाच्या काठीचा) शॉट तीन यार्ड कमी पडला तर घाबरू नका. आणि लवळ्यासारख्या डोंगरातल्या कोर्सवर टी वर आणि ग्रीन खाली असेल तर दर 30 फूट उताराला साधारण 10 यार्ड कमी धरायचे. ऑक्सफर्डला पहिल्यांदा जाणाऱ्याचा अर्धा स्कोअर इथेच बिघडतो. चांदणी चौकातून फार लांब पण नाही, सकाळी लवकर गेलात तर ट्रॅफिक लागत नाही आणि चढउतार बघता बगी घेतलेली बरी. चालण्याच्या बाबतीत तो कोर्स मार खातो हे मान्य, पण उताराच्या जमिनीवर उभं राहून शॉट मारायला शिकायचं असेल तर पुण्यात यापेक्षा चांगली जागा नाही.

एक्सप्रेसवेने खाली गेलात तर खारघरचं सिडकोचं मैदान आहे, डोंगराच्या पायथ्याशी, 103 हेक्टर जागा, 11 होलने सुरू झालेलं. मेंबर नसलेल्या माणसाला पैसे भरून खेळता येतं ही आपल्या राज्यात फार मोठी गोष्ट आहे आणि याचं कौतुक व्हायला पाहिजे तेवढं होत नाही. दिल्लीत डीडीएने (दिल्ली विकास प्राधिकरणाने) 2000 साली कुतुबचा पब्लिक कोर्स केला, तसं प्रत्येक मोठ्या शहरात एक तरी पाहिजे. नवी मुलं गोल्फमधे यावीत असं म्हणायचं आणि त्यांना खेळायला दारच उघडं नाही, हे कसं चालेल?

गुजरातेत जाणार असाल तर अहमदाबादजवळचा केन्सविल बघा, गोल्फपटू जीव मिल्खा सिंग यांनी आखलेला. 2011 पासून काही वर्षं तिथे युरोपच्या चॅलेंज टूरची (व्यावसायिकांच्या दुसऱ्या फळीच्या मालिकेची) स्पर्धा झाली तरी आपल्याकडे नाव फारसं निघत नाही. साणंदचा ग्लेड वन दक्षिण आफ्रिकेचे माजी चॅम्पियन गॅरी प्लेयर यांचा, फक्त 9 होल, आणि 9 होल म्हणजे अर्धवट अशी जी समजूत आहे ती सोडून द्या, कामाच्या माणसाला दोन तासात खेळ होतो.

नेपाळला बरेच मराठी लोक पशुपतिनाथाला जातात, तिथून जवळच गोकर्णच्या जंगलातला कोर्स आहे. डेव्हिड मॅकले किड यांनी केलेला, अमेरिकेतल्या बँडन ड्यून्स या कोर्समुळे जगभर नाव झालेला हाच तो माणूस. हरणं आणि माकडं फेअरवेवर येतात, आणि उंचीमुळे तिथे बॉल समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळपास पाच टक्के लांब जातो. पोखऱ्याला ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गुरखा अधिकाऱ्याने नदीच्या दरीत कोर्स केलाय, तो बघायलाच जावं इतका वेगळा आहे.

आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत असतात, उन्हाळ्यात दोन-तीन महिने जाणं होतंच, तर मॉल आणि मंदिरं झाल्यावर एक दिवस याला द्या. लॉस एंजेलिसकडे असाल तर मूरपार्कचा रस्टिक कॅन्यन, 2002 चा, गिल हॅन्स, जिम वॅगनर आणि जेफ शॅकलफर्ड यांनी केलेला, सगळ्यांना खुला. वर मी रुंद फेअरवे आणि ग्रीनच्या बाजूचं कापलेलं गवत म्हणालो ना, ते सगळं तिथे शिकायला मिळतं आणि चालत खेळता येतं. बे एरियात असाल तर अलामीडाचा कोरिका पार्क, त्यातला साउथ कोर्स रीस जोन्स यांनी नव्याने करून 2018 मधे उघडला, नगरपालिकेच्या जागेवर. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ विंटर पार्कचा 9 होलचा, तो पण नगरपालिकेचा, 2016 मधे नव्याने केलेला. आणि गाडीने लांबचा प्रवास करणार असाल तर नेब्रास्कात हायवे 80 च्या जवळ वाइल्ड हॉर्स, 1999 चा, वाळूच्या टेकड्यांवरचा. स्कॉटलंडला गेलात तर सगळे सेंट अँड्रूज करतात, तुम्ही जमलं तर मॅक्रिहॅनिश ड्यून्सला जा, 2009 मधे केला तेव्हा 259 एकरातली फक्त 7 एकर जमीन हलवली होती, कारण ती संरक्षित जागा होती.

खेळून आल्यावर लिहा. मस्त होता एवढंच नको, कुठला होल, का आवडला, कुठल्या टीवरून खेळलात, कुठल्या महिन्यात, ग्रीन कशा होत्या, चालत गेलात का बगीने, एकूण खर्च किती आला. मराठीत लिहिलंत तर फारच छान, आपल्या भाषेत अशी माहिती फार कमी मिळते. फोटो टीवरून एक आणि ग्रीनच्या मागून एक, क्लबहाउसच्या जेवणाचे नकोत. आणि निघताना कोर्स सांभाळणाऱ्या सुपरिंटेंडंटला किंवा माळ्यांना भेटून काय आवडलं ते सांगा, ते पहाटे चारला उठून ग्रीन कापतात आणि त्यांच्यापर्यंत फक्त तक्रारीच पोचतात.

या सीझनला सुरुवात करायची असेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा, पाऊस संपलेला असतो, जमीन अजून ओलसर असते आणि डिसेंबरची गर्दी सुरू झालेली नसते. लवळे आणि खारघर एकाच महिन्यात केलंत, एक डोंगरावर आणि एक जवळपास समुद्रसपाटीला, तर वर लिहिलेलं बरंचसं स्वतः तपासून बघता येईल. टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) आठवडाभर आधी घ्या.