जपानहून मागवलेला गेम चालत नाही? आधी कन्सोल पालथं करून बघा

निन्टेंडो ३डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी जपानहून मागवलेलं पहिलं कार्ट्रिज हातात आलं, तेव्हा मी ते तीनदा बसवलं, तीनदा काढलं, फुंकर मारून पुसलंही. गेम काही सुरू होईना. कार्ट्रिज ठणठणीत होतं. माझं कन्सोल अमेरिकी होतं आणि गेम जपानी, एवढंच. विकणाऱ्याने ‘३डीएसवर चालतो’ असं लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

१. आपलं यंत्र कुलूपवाल्यांपैकी आहे का?

निन्टेंडोच्या गेम बॉय, गेम बॉय ॲडव्हान्स आणि मूळ डीएस यांना रीजन लॉक, म्हणजे दुसऱ्या प्रदेशाचा गेम अडवणारं कुलूप, नाही. म्हणून २००६ साली फक्त जपानात निघालेला ‘मदर ३’ कुठल्याही देशाच्या गेम बॉय ॲडव्हान्सवर चालतो. सोनीच्या पीएसपीवर गेम अडत नाहीत, व्हिटावरही कुठल्याही देशाचं कार्ड, म्हणजे कार्ट्रिज, चालतं. निन्टेंडोचं २०१७चं स्विचही मोकळं.

अडतं ते डीएसआय या डीएसच्या नंतरच्या आवृत्तीवर आणि ३डीएसच्या सगळ्या भावंडांवर. त्यात २डीएस आणि न्यू ३डीएसही आले. साधे डीएस गेम या यंत्रांवर कुठल्याही देशाचे चालतात, पण ज्या कार्डांत डीएसआयसाठी जादा सोयी घातल्या आहेत ती अडतात. उदाहरणार्थ, २०१०चा जपानी ‘पोकेमॉन ब्लॅक’ जुन्या डीएस लाइटवर बिनतक्रार चालेल, पण अमेरिकी ३डीएसवर चालणार नाही. जुनं यंत्र चालवतं आणि नवं नाही म्हणतं!

२. कोड जुळवा

३डीएस पालथं केलं की मॉडेलचा क्रमांक दिसतो आणि त्याच्या शेजारी तीन रोमन अक्षरं: जपानसाठी जे-पी-एन, अमेरिकेसाठी यू-एस-ए, युरोपसाठी ई-यू-आर. कार्डाच्या लेबलवर कोडच्या शेवटीही असंच त्रिकूट असतं. दोन्ही जुळली तर पैसे मोजा. विक्रेत्याकडे या दोन जागांचे फोटो मागा. ‘ओरिजिनल आहे’ या उत्तराने काही कळत नाही.

३. जपानी गेमसाठी जपानी यंत्र

कन्सोलचं सॉफ्टवेअर बदलून कुलूप काढणारे लोक आहेत. एखादी पायरी चुकली तर यंत्र निकामी होऊ शकतं आणि कायदाही जागोजागी वेगळा, म्हणून तो रस्ता इथे घेत नाही. दोन-चारपेक्षा जास्त जपानी गेम खेळायचे असतील तर माझ्या मते सरळ जपानी ३डीएसच घ्यावं. ३डीएसचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, त्यामुळे बहुधा वापरलेलंच मिळेल. ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, म्हणजे नवीन गेम घ्यायचा तर कार्डच. पालकांसाठीच्या नियंत्रणाचा पिन आधीच्या मालकाने काढला आहे ना, हेही विचारून घ्या.

आता चार्जर. हे नीट वाचा. जपानी ३डीएसच्या डब्यातल्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि तो तेवढंच सोसतो. पिन बदलणारा स्वस्त ॲडॅप्टर लावून तो २२०-२४० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसला तर चार्जर जळेल. तो बाजूलाच ठेवा आणि आपल्या देशातल्या विजेला चालणारा ३डीएसचा चार्जर घ्या. कन्सोलकडचं टोक सगळीकडे सारखंच आहे.

४. भाषेची भिंत

जपानी ३डीएसच्या मेन्यूत भाषा बदलायची सोयच नाही. सेटिंग्ज हव्या असतील तर पान्याचं चित्र शोधा. गेममध्ये मात्र कधीकधी सुटका असते. २०१३च्या ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘वाय’मध्ये सुरुवातीलाच भाषा विचारतात आणि जपानी कार्डातही इंग्रजी असते. म्हणजे भाषा मोकळी, कुलूप तसंच.

बाकी ठिकाणी आधी काताकाना शिका, म्हणजे परकीय शब्द लिहायची जपानी लिपी. मूळ अक्षरं फक्त ४६, आणि मेन्यूतले बरेच शब्द इंग्रजीतून आलेले. ‘आयतेमु’ मोठ्याने वाचलं की आयटम कळतो, ‘सेबु’ म्हणजे सेव्ह. सेबु ओळखायला सोपा आहे: तीन खुणा, मधली नुसती आडवी रेघ.

मग हो आणि नाही. हे शब्द हिरागाना या दुसऱ्या जपानी लिपीत असतात. हो म्हणजे ‘हाय’, दोन अक्षरं. नाही म्हणजे ‘ईए’, तीन अक्षरं. ‘हाय’चा शेवट दोन उभ्या फटकाऱ्यांच्या अक्षराने होतो, ‘ईए’च्या सुरुवातीला तेच अक्षर जोडीने येतं. सुरुवातीच्या पडद्यावरचे ‘हाजिमेकारा’ म्हणजे पहिल्यापासून आणि ‘त्सुझुकिकारा’ म्हणजे पुढे चालू, हे दोन्ही शब्द पाच-पाच अक्षरांचे आणि शेवटही सारखा. ज्याच्या आरंभी एकाच वळणाचं अक्षर दोनदा येतं आणि दुसऱ्यावर दोन बारीक रेघा असतात, तो ‘पुढे चालू’.

संवादांसाठी फोनचा कॅमेरा वापरून भाषांतर करता येतं, पण आधी ३डीची पट्टी पूर्ण खाली ओढा, नाहीतर कॅमेऱ्याला प्रत्येक अक्षर दुहेरी दिसतं. पडद्याची उंची जेमतेम २४० ठिपके, त्यात गिचमिड कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं. भाषांतर अधूनमधून भलतंच येतं. उड्या मारण्याचे, तालाचे, कोड्यांचे गेम असेच निभतात. कोर्टकचेरीचे किंवा तपासाचे गेम मात्र याच्या जोरावर घेऊ नका. २०१५चा ‘दाय ग्याकुतेन साइबान’ बऱ्याच जणांनी जपानीतच झुंजत खेळला आणि २०२१ मध्ये त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती आली. तेव्हा मागवण्याआधी नंतरची आवृत्ती निघाली आहे का ते शोधा.

स्विच २ घेणाऱ्यांसाठी एक सूचना: जून २०२५ मध्ये जपानात आलेलं ४९,९८० येनचं यंत्र फक्त जपानी भाषेत आणि देश जपान असलेल्या खात्यावरच चालतं. बहुभाषिक यंत्र ६९,९८० येनला होतं.

५. जुन्या मालकाचा सेव्ह

वापरलेल्या कार्डात बहुधा कोणाचा तरी अर्धवट खेळ सापडतो. ‘पोकेमॉन एक्स’मध्ये तो पुसल्याशिवाय भाषेचा प्रश्न पुन्हा येत नाही. त्यासाठी शीर्षकाच्या पडद्यावर वरचा बाण, बी आणि एक्स एकदम दाबा. प्रश्न जपानीत येईल. दोन अक्षरांचं उत्तर निवडा.