बसण्याचे तास मोजताना या चुका टाळा

परभणीजवळच्या एका गावात लोक दिवसभरात किती वेळ बसून असतात, याची पाहणी आम्ही केली आणि पहिल्याच घरात अडलो. "मावशी, दिवसातून किती वेळ बसता?" असं सोबतच्या पोरानं विचारलं. मावशी चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "लेकरा, बसायला कुठं येळ हाय मला?" पोरानं कागदावर शून्य लिहिलं. संध्याकाळी फॉर्म चाळले तर अशी बरीच शून्यं निघाली, आणि जवळपास सगळी बायकांच्या नावापुढं.

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्या बोलण्यात 'बसणं' म्हणजे रिकामं असणं. पोरगा घरीच बसून आहे म्हटलं की त्याला काम नाही हे कळतं. उलट 'दुकानावर बसतो' म्हणजे धंदा सांभाळतो, मग तो दिवसभर उभा का असेना. परीक्षेला बसणं, पारायणाला बसणं हे आणखी वेगळंच. त्यामुळं "किती वेळ बसता?" हा प्रश्न कष्टकरी माणसाला "किती वेळ रिकामे असता?" असा ऐकू येतो. त्याला कोण हो म्हणेल? माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. पुढं कितीही चांगलं यंत्र आणलं तरी ती भरून निघत नाही, कारण यंत्राच्या आकड्याचा अर्थ लावतानाही हाच गोंधळ होतो.

म्हणून बसण्याबद्दल विचारूच नका, कामाबद्दल विचारा. "काल उठल्यावर पहिलं काय केलं? ते बसून की उभ्यानं? त्यानंतर?" असं झोपेपर्यंत जा. 'रोज' नको, 'काल'च धरा. रोजचं विचारलं की माणूस अंदाजानं गोल आकडा सांगतो. घड्याळाऐवजी खुणा वापरा: दूध घालायची वेळ, शाळेची घंटा, एसटीची फेरी, टीव्हीवरची मालिका. त्याच मावशींकडं आम्ही पुन्हा गेलो. भाकरी, भाजी निवडणं, शेंगा फोडणं, वाती वळणं, जेवण, रात्रीची मालिका असं करत साडेपाच तास भरले. आधीच्या कागदावर तिथं शून्य होतं. ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास २०२० मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा लोकांनी स्वतः सांगितलेली बसण्याची वेळ यंत्रानं मोजलेल्या वेळेपेक्षा सरासरी पावणेदोन तासांनी कमी भरली.

आता दुसरी बाजू. मावशींचे ते साडेपाच तास सगळे 'बैठे' धरायचे का? नाही. संशोधकांनी २०१७ मध्ये पक्की केलेली व्याख्या अशी: माणूस जागा हवा, बसलेला, रेललेला किंवा आडवा हवा, आणि शरीराचा ऊर्जाखर्च दीड मेट किंवा त्याहून कमी हवा. शांत बसल्यावर जेवढी ऊर्जा लागते ती एक मेट. टीव्ही पाहणं यात बसतं. जात्यावर दळणं किंवा मागावर पाय चालवत विणणं मात्र बसून असलं तरी अंगमेहनतीचं आहे. फॉर्मवर 'बसून, स्वस्थ' आणि 'बसून, अंग कामात' असे दोन रकाने सुरुवातीपासून ठेवा. नंतर वेगळं काढता येत नाही.

उकिडवं बसण्यासाठी तिसरा रकाना हवा. आपल्या बायका खुरपणीला तास न् तास उकिडव्या सरकत असतात. टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांवर २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात ते दिवसाला जवळपास दहा तास विसावलेले आढळले, पण त्यातला बराच वेळ उकिडवा वगैरे जातो आणि तेव्हा पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा जास्त कामात असतात. खुर्ची आणि उकिडवं एकाच आकड्यात मिसळलं तर शेतमजूर बाई आणि कारकून सारखेच दिसतील.

यंत्रांचं थोडक्यात. मनगटावरचं घड्याळ हाताची हालचाल पाहतं. भाकरी थापताना ते बाई फिरतेय असं समजू शकतं. कमरेच्या यंत्रात मिनिटाला १०० पेक्षा कमी काउंट (हालचालीचं यंत्रातलं माप) आले की ती वेळ बैठी धरण्याची रीत आहे, त्यात निश्चल उभा असलेला माणूसही सापडतो. मांडीवर चिकटवायचं यंत्र मांडी आडवी की उभी ते ओळखतं, म्हणून बसणं आणि उभं राहणं वेगळं करायला तेच बरं. तरी पहिल्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटं उकिडवं बसवा, वेळ लिहून ठेवा आणि यंत्रानं त्याला काय म्हटलं ते तपासा. फोनमधल्या पावलांवरून तर बसणं काढूच नका. कित्येक बायकांचा फोन दिवसभर देवळीत असतो आणि बाई शेतात.

शेतीपंपाला रात्रीची लाईट असली की माणूस रात्री पाणी देतो आणि दिवसा झोपतो. अशा घरी मध्यरात्री ते मध्यरात्री असा दिवस कापला तर दुपारची झोप बसण्यात जमा होते. उठण्यापासून झोपण्यापर्यंतचा वेळ धरा. हंगामही लिहा, मे महिन्यातला आठवडा आणि पेरणीचा आठवडा यांची तुलना होत नाही, आणि बीडकडची ऊसतोडीला बाहेर गेलेली घरं हिवाळ्यात भेटणारच नाहीत. लातूरच्या क्लासची मुलं मोजत असाल तर एकूण तासांसोबत सलग किती वेळ बसले तेही टिपा.

शेवटी प्रत्येक फॉर्मवर एक बेरीज करा: बसून (उकिडवं धरून तिन्ही रकाने), जागेपणी आडवं पडून, उभ्यानं आणि चालत गेलेला वेळ मिळून जागेपणाच्या तासांएवढा यायला हवा. जास्त आला तर टीव्ही पाहत केलेलं जेवण दोनदा धरलंय. कमी आला तर त्या घरी पुन्हा जा.