दहावीच्या निकालाआधी घरच्यांनी करायची तयारी
मुलाला कॉलेजसाठी आणि पुढे नोकरीसाठी तयार करायचे असेल, तर ठाणे-नवी मुंबईतील पालकांनी क्लासची फी भरण्याआधी एक साधी फाईल तयार करावी. तिच्यात आधार, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) ठेवावे. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का, हे अक्षर न् अक्षर तपासावे. आमच्या घरी आधारवर वडिलांच्या नावात एक जादा ‘ए’ निघाला आणि तो काढण्यात ऐन प्रवेशाच्या दिवसांतला आठवडा गेला. अधिवास, जात आणि नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करता येतो. तो दिवाळीच्या सुट्टीतच करावा.

अभ्यासक्रमाची निवड फाईलइतकी सरळ नसते. दहावीनंतर अकरावीखेरीज आयटीआय आणि पॉलिटेक्निकचा ३ वर्षांचा डिप्लोमा हेही मार्ग आहेत, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे अनेक घरांत माहीतच नसते. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करणारे एखादे काका अथवा मावशी असतील, तर मुलाला त्यांच्याशी बोलू द्यावे. शिफ्ट, पहिला पगार, कामातला कंटाळा, सगळे त्यानेच विचारावे आणि आईवडिलांनी, कितीही जड गेले तरी, मध्ये तोंड घालू नये.

बँकेची स्लिपही त्यानेच भरावी, आणि ठाणे-वाशी लोकलने एकट्याने जाऊन यावे.