टँकमधले एंजल मासे वाढतच नाहीयेत? या चुका टाळा (माझ्या बहुतेक सगळ्या करून झाल्यात)

चार वर्षांपूर्वी मी आणि माझा मामेभाऊ एकाच दिवशी एकाच दुकानातून एंजल घेऊन आलो. रुपयाच्या नाण्याएवढी पिल्लं, एकाच टाकीतून जाळीने काढलेली, चार त्याची चार माझी. मी जरा हौशी, म्हणून महागातलं इम्पोर्टेड फूड घेतलं, वर ट्युबिफेक्स (लाल दोऱ्यांसारखे किडे), दिवसातून चार वेळा खाऊ. त्याने तिथलेच साधे सुटे दाणे घेतले. आठेक महिन्यांनी ठाण्याला त्याच्याकडे गेलो आणि टँकसमोर उभाच राहिलो, त्याचे एंजल तळहाताएवढे, वरचा पर ताठ, पोटाखालच्या दोन दोऱ्या सरळ खाली लोंबतायत, आणि माझे दोन तोपर्यंत गेलेले आणि उरलेले दोन पाच रुपयांच्या नाण्याच्या पुढे सरकायला तयार नाहीत.

मी त्याला विचारलं काय घालतोस रे यांना, तर मामी आतून म्हणाली, "तो कसला घालतोय, मीच दर दोन-तीन दिवसांनी त्याला दोन बादल्या पाणी काढायला लावते, माझ्या मोगऱ्याला लागतं." बाल्कनीत बघितलं तर मोगरा खरंच कळ्यांनी लगडलेला. मामीला मासे वाढवायचेच नव्हते, तिला फुलं हवी होती, पण पाणी जातंय आणि तेवढंच ताजं येतंय म्हटल्यावर मासे आपोआप वाढले.

पाणी न बदलणं, आणि बदललं तर सगळंच बदलणं

माझं उलटं चाललेलं. कोणीतरी सांगितलं होतं की पाणी सारखं बदललं की मासे मरतात, म्हणून मी महिनाभर हात लावायचो नाही आणि मग एका रविवारी टँक पूर्ण रिकामा, खडे बाथरूममध्ये घासून धुतलेले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केलेला. बघायला एकदम चकाचक, आणि दुसऱ्या दिवशी मासे कोपऱ्यात पर मिटून बसलेले.

भानगड अशी आहे की माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं पण साठत गेलं की वाढ खुंटते. हेच नायट्रेट झाडांना खत म्हणून चालतं, म्हणजे मामीच्या मोगऱ्याचं गुपित तिथे होतं. ही बॅक्टेरियांची वस्ती नीट बसायला साधारण 3 ते 6 आठवडे लागतात आणि मी दर महिन्याला ती नळाखाली धुऊन टाकत होतो. स्पंज धुवायचा असेल तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबा, बास, तपकिरी राहिला तरी राहू द्या.

आता माझं गणित असं, पिल्लं वाढत असताना आठवड्यातून दोनदा 25-30 टक्के, मोठे झाले की एकदा 30 टक्के. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायला हायपोचे खडे किंवा अँटी-क्लोरीन टाकायचं, नाहीतर बादल्या भरून रात्रभर उघड्या ठेवायच्या. आणि नवीन पाणी फार थंड नको, हात बुडवून बघा, टँकच्या जवळपास असलं पाहिजे.

बोअरवेल किंवा टँकरवाल्यांनी इथे थोडं थांबा. ते पाणी बहुतेक वेळा जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं असतं आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) 8 च्या आसपास. आपल्याकडचे एंजल ॲमेझॉन नदीतून पकडून आणलेले नसतात, फार्मवर वाढलेले असतात, चेन्नईच्या कोळत्तूर भागात तर हा मोठाच धंदा आहे, त्यामुळे साडेसात पीएचला ते मजेत राहतात. पण पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त घातक होतो, म्हणून जड पाणी असेल तर खाणं आणि माशांची संख्या दोन्हीवर हात आखडता ठेवायचा. पीएच खाली आणायला बाटल्या ओतत बसू नका, आज 6.5 उद्या 8 असं झालं तर मासा त्यानेच खचतो. निव्वळ आरओचं पाणी पण नको, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, वापरायचंच तर नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात मिसळून.

टँकची लांबी बघणं आणि उंची विसरणं

हा मासा आडवा नाही, उभा वाढतो. अंग साधारण 15 सेंटीमीटरपर्यंत, आणि वरचे-खालचे पर धरले तर उंची 20 सेंटीमीटर सहज ओलांडते. एक फूट उंच टँकमध्ये खाली 2 इंच खडे आणि वर 2 इंच रिकामं सोडलं की पाण्याला उरतात 8 इंच, म्हणजे मोठा झालेला एंजल जमीन आणि छताला एकदम टेकणार. बाऊलबद्दल तर बोलायलाच नको. 2 बाय 1 बाय दीड फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ 85 लिटर बसतं, त्यात पिल्लं चार-पाच चालतील पण मोठी झाल्यावर जोडीच बरी. 3 बाय सव्वा बाय दीड म्हणजे जवळपास 160 लिटर, तिथे पाच-सहा आरामात. दुकानदार म्हणतो "आठ टाका, काही होत नाही", त्याला काही होत नाही हे खरंय.

आधीच खुंटलेला मासा घरी आणणं

दुकानात एंजल बघताना डोळ्याकडे बघा. पिल्लू लहान असेल तर डोळाही अंगाच्या मानाने बेताचा दिसतो, पण वय झालेलं आणि वाढ खुंटलेलं असेल तर अंग छोटं आणि डोळा भलता मोठा, बटणासारखा दिसतो. माझे ते उरलेले दोन अगदी तसेच दिसायला लागले होते. असा मासा नंतर कितीही खाऊ घाला, पूर्ण उंची गाठत नाही, कारण एंजलची जास्तीत जास्त वाढ पहिल्या सहा-आठ महिन्यांतच होते आणि ते दिवस गेले की गेले. पोटाखालच्या दोऱ्या वाकड्या किंवा तुटक्या असतील, पोट आत गेलेलं असेल, खाणं टाकल्यावर पुढे येत नसेल, तर कितीही सुंदर रंग असला तरी सोडून द्या.

खाणं

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा पण चिमूटभर, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. मोठ्यांना दोनदा पुरे. एंजल भीक मागण्यात पटाईत, तुम्ही समोर आलात की सगळे काचेला तोंड लावणार, त्याला भुलायचं नाही. आणि ते ट्युबिफेक्स सांडपाण्याच्या नाल्यातून येतात, त्यांच्यासोबत रोग पण येतात. माझे पहिले दोन त्यातच गेले असावेत, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, खाणं तोंडात घेऊन थुंकणं, मग बारीक होत जाणं. फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) आठवड्यातून दोनदा द्या, बाकी दिवस चांगले दाणे. पांढरी विष्ठा दिसलीच तर तो मासा वेगळा काढून मेट्रोनिडाझोल असलेलं माशांचं औषध, पाकिटावरच्या मापाने.

थंडी आणि हीटर

एंजलला 26 ते 29 डिग्री लागतं. मुंबईत बरेच महिने हीटरशिवाय भागतं पण पुण्या-नाशिकला डिसेंबरमध्ये पाणी 20 च्या खाली पण जातं, मासा खाणं सोडतो, खाल्लेलं पचत नाही आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. साधारण एका लिटरला 1 वॉट धरून हीटर घ्या. ठिपके आलेच तर तापमान हळूहळू, एकदम नाही, 30 पर्यंत न्या आणि दहाएक दिवस तिथेच ठेवा, सोबत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो.

आणि पाणी काढायच्या आधी हीटरचा प्लग काढा. बटण बंद नाही, प्लग काढा. मी एकदा सायफन (पाणी काढायची नळी) लावून फोनवर बोलत बसलो, पाणी हीटरच्या खाली गेलं, तो बाहेर सुकाच तापत राहिला आणि मी वरून गार बादली ओतली. टक् असा एकच आवाज. काच तडकलेली, आत तार उघडी आणि माझा हात पाण्यापासून वीतभर अंतरावर. त्या दिवसापासून आधी प्लग, मग बादली.

चुकीचे शेजारी

टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. गोल्डफिशला गार पाणी लागतं, ते या तापमानात बरोबर नाहीत. निऑन टेट्रा, हे इवलेसे मासे, पिल्लांसोबत छान दिसतात, मग एंजल मोठे होतात आणि रोज सकाळी एक-एक निऑन कमी होतो आणि आपण झाकणातून उडी मारली असेल म्हणून सोफ्याखाली शोधतो (शोधलंय). कॉरिडोरा (तळाशी फिरणारे छोटे मासे), मोठ्या अंगाचे टेट्रा, हे ठीक. फिल्टरची धार फार जोराची असेल तर ती काचेकडे वळवा, चपटा मासा आहे, दिवसभर प्रवाहाशी झगडला तर खाल्लेलं सगळं त्यातच जातं.

गणपतीला गावी जाताना

पाच दिवस एंजल उपाशी राहू शकतात, मोठे तर नक्कीच. शेजाऱ्यांना डबा देऊन गेलात तर ते प्रेमाने मूठभर टाकणार, त्या मुठीचा अमोनिया होणार आणि परत आल्यावर पाणी दुधाळ. द्यायचंच असेल तर रोजची चिमूट वेगवेगळ्या कागदाच्या पुड्यांत बांधून द्या आणि डबा लपवा. लाइट जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या. आणि घरात पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल तेव्हा टँक झाकून एअर पंप बंद, कारण तो खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो.

वर येऊन तोंड उघडझाप करतायत

आधी औषध टाकू नका. 30 टक्के पाणी बदला, एअर वाढवा, मग टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट बघा, दोन्ही शून्य असायला हवेत. शून्य असेल आणि तरी धापा टाकत असतील तर मग कल्ल्यांचा आजार वगैरे विचार करायचा.

आणि एक, वर्षभराचे झाल्यावर दोघं मिळून बाकीच्यांना कोपऱ्यात दाबायला लागले तर आजार नाही, जोडी जमलीये. बाकीच्यांना हलवा. ते एखादं उभं पान किंवा फिल्टरचा पाइप तोंडाने घासून साफ करतील आणि त्यावर ओळीत अंडी चिकटवतील. पहिल्या दोन-तीन वेळा स्वतःच खाऊन टाकतात, तेव्हा हिरमुसू नका. मामेभावाच्या जोडीने तिसऱ्या खेपेला हीटरच्या नळीवरच घातली, आणि मामी आठवडाभर बादली घेऊन टँकजवळ फिरकली नाही, मोगऱ्याला नळाचं पाणी.