क्लास सापडत नाही? आधी जार टाकणं थांबवा! टॉमकॅटवर डिप्लॉय करताना या चुका टाळा

लॅपटॉपवर, आयडीईतून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधून) जावाचं ॲप छान चालतं. तेच ॲप बांधलेली वॉर फाइल टॉमकॅटवर, म्हणजे जावाची वेब ॲप चालवणाऱ्या सर्व्हरवर, गेली की लॉग भरून वाहायला लागतो आणि त्यात कुठेतरी क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन, नाहीतर नो क्लास डेफ फाउंड एरर. यापुढे नवी मंडळी काय करतात हे इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो. क्लासचं नाव कॉपी करायचं, गूगलवर टाकायचं, पहिल्या उत्तरात दिसेल तो जार (तयार क्लासचा गठ्ठा) उतरवायचा, फोल्डरमध्ये ढकलायचा, रीस्टार्ट मारायचा. मग दुसरा क्लास गायब. पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत लिब फोल्डरमध्ये डझनभर अनोळखी जार जमतात आणि कुठला कशासाठी आणला हे आणणाऱ्यालाही सांगता येत नाही.

माझ्या अनुभवात क्लास खरोखरच कुठे नाही असं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा तो चुकीच्या जागी असतो, चुकीच्या व्हर्जनचा असतो, किंवा असतो पण सुरू होतानाच कोसळलेला असतो. यातल्या कशावरही आणखी एक जार हे औषध नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं होतं ते.

चुकीचा लॉग वाचणं

सुरुवात इथून, कारण बाकीच्या निम्म्या चुका यातूनच जन्मतात. टॉमकॅट सुरू होताना ॲप पडलं की कॅटलिनाच्या, म्हणजे टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये फक्त एवढंच येतं की एक किंवा अधिक लिसनर (ॲप सुरू होताना चालणारे क्लास) सुरू होऊ शकले नाहीत, तपशील कंटेनरच्या लॉगमध्ये पाहा. लोक ही ओळ वाचतात आणि तिथेच थांबतात. तपशील शेजारच्याच फाइलमध्ये असतो, जिच्या नावात लोकलहोस्ट आणि त्या दिवसाची तारीख असते. ती उघडा. आणि उघडल्यावर वरच्या दोन ओळी वाचून सोडू नका. शेवटच्या 'कॉज्ड बाय'पर्यंत खाली जा. खरं कारण बहुतेक वेळा तिथेच बसलेलं असतं.

दोन्ही एरर एकच समजणं

क्लास नॉट फाउंड म्हणजे कुणीतरी क्लास नावाने मागितला आणि लोडरला, म्हणजे क्लास शोधून आणणाऱ्या भागाला, तो मिळाला नाही. वेब एक्सएमएल या ॲपच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेला लिसनर किंवा सर्व्हलेट (वेबवरची मागणी हाताळणारा क्लास), कॉन्फिगमध्ये लिहिलेलं ड्रायव्हरचं नाव, क्लास डॉट फॉर-नेमला दिलेली स्ट्रिंग. इथे स्पेलिंगची चूकही असू शकते, म्हणून आधी नाव अक्षर न् अक्षर तपासा.

नो क्लास डेफ फाउंड वेगळं. तुमचा कोड कंपाइल झाला तेव्हा तो क्लास समोर होता, पण चालवताना जेव्हीएमला (जावा कोड चालवणाऱ्या यंत्रणेला) तो मिळाला नाही. या मेसेजमध्ये पॅकेजच्या नावात डॉटच्या जागी बहुधा स्लॅश दिसतात. हे दिसलं की पहिला संशय पॅकेजिंगवर: कंपाइलला वापरलेला जार वॉरमध्ये गेलाच नाही.

आणि याच एररचं आणखी एक रूप आहे, ज्याने भल्याभल्यांना फिरवलंय. मेसेजमध्ये 'कुड नॉट इनिशिअलाइझ क्लास' असे शब्द असतात. याचा अर्थ क्लास सापडला, लोडही झाला, पण त्याचा स्टॅटिक ब्लॉक (क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणारा कोड) चालताना काहीतरी फुटलं. जेव्हीएम अशा क्लासवर कायमची फुली मारतं. पहिल्या वेळी एक्सेप्शन इन इनिशिअलायझर एरर येतं आणि त्यात खरं कारण असतं. त्यानंतर प्रत्येक वेळी फक्त 'कुड नॉट इनिशिअलाइझ'. नव्या जावा आवृत्त्या मूळ कारणाचा उल्लेख सोबत देतात, पण जुन्या जावावर चालणाऱ्या सर्व्हरवर तो मिळत नाही.

एका टीमने मला अशाच वेळी बोलावलं होतं. रिपोर्टचं मॉड्यूल प्रॉडक्शनवर चालत नव्हतं, टेस्ट सर्व्हरवर ठणठणीत. मी पोहोचेपर्यंत त्यांनी रिपोर्ट लायब्ररीचं व्हर्जन वर करून पाहिलं होतं, खाली करून पाहिलं होतं, तिचे सगळे जार हाताने कॉपी केले होते, आणि टॉमकॅट नव्याने बसवायची तयारी चालू होती. मी मेसेज नीट वाचला. ज्या क्लासचं नाव होतं तो लायब्ररीचा नव्हताच, त्यांचा स्वतःचा रिपोर्ट-कॉन्फिग होता! तो त्यांच्याच वॉरमध्ये, क्लासेस फोल्डरमध्ये, डोळ्यांसमोर होता. मग त्यात बाहेरून कुठला जार टाकून काय होणार?

मी रीस्टार्टच्या वेळेपासूनचा लॉग मागितला. सगळे त्या दिवसाचा लॉग बघत होते, पण रीस्टार्ट आदल्या रात्री झाला होता आणि रिपोर्टची पहिली मागणी रात्रीच्या ठरलेल्या जॉबने केली होती. मध्यरात्री लॉगची फाइल बदलली आणि खरं कारण कालच्या फाइलमध्ये राहिलं. तिथे एक्सेप्शन इन इनिशिअलायझर एरर होतं, त्याखाली कॉज्ड बाय, आणि त्यात साधे दोन शब्द: परमिशन डिनाइड. स्टॅटिक ब्लॉक एक प्रॉपर्टीज फाइल वाचत होता. फाइल कुणीतरी रूट युजरने ठेवली होती आणि टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो त्याला ती वाचायची परवानगी नव्हती. मालकी बदलली, रीस्टार्ट केला, रिपोर्ट आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, लायब्ररी बिचारी विनाकारण बदलली गेली.

तेव्हापासून त्या टीमला आणि इतर सगळ्यांनाही माझं एकच सांगणं असतं. हा मेसेज दिसला की टॉमकॅट बंद करा, चालू करा, आणि पहिला एरर पकडा. दुसरा नाही, पहिला. आणि फाइल वाचणं, डेटाबेस जोडणं असली कामं स्टॅटिक ब्लॉकमध्ये करू नका. लिहायला सोपं वाटतं म्हणून लोक तिथे लिहितात आणि त्याची किंमत रात्री जागणारा दुसराच कुणी मोजतो.

टॉमकॅटच्या स्वतःच्या लिबमध्ये जार ओतणं

ही माझ्या लेखी सगळ्यात वाईट सवय. कारण कधीकधी ती लागू पडते, आणि लागू पडली की माणूस तीच पुढे शिकवतो.

टॉमकॅटमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःचा क्लासलोडर असतो. क्लास मागितला की जावाचे मूळ क्लास सोडून तो आधी ॲपच्या वेब-इन्फ या फोल्डरमधलं क्लासेस फोल्डर बघतो, मग वेब-इन्फमधलं लिब. तिथे नाही मिळालं तर वर जातो, म्हणजे शेवटी टॉमकॅटच्या सामायिक लिबपर्यंत. सर्व्हलेट, जेएसपी वगैरे एपीआय याला अपवाद आहेत, ते नेहमी टॉमकॅटचेच वापरले जातात. तुमच्या वॉरमध्ये त्याच नावाच्या क्लासचा सर्व्हलेट एपीआय जार असला तरी टॉमकॅट त्यातले क्लास वापरत नाही.

आता महत्त्वाचं. ॲपचा लोडर वर बघू शकतो, पण वरचा लोडर खाली ॲपमध्ये बघू शकत नाही. समजा स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा स्प्रिंग-वेब जार सामायिक लिबमध्ये टाकलात आणि स्प्रिंग-कोअर वेब-इन्फमध्ये आहे. स्प्रिंग-वेब वरच्या लोडरने उचलला. त्याला स्प्रिंग-कोअरमधला क्लास लागला, तो वरच्याच लोडरकडे मागणार, आणि तिथे तो नाही. एरर येतं नो क्लास डेफ फाउंड, नाव असतं स्प्रिंग-कोअरच्या क्लासचं, आणि तुम्ही वेब-इन्फ उघडून बघता तर जार तिथे दिसतोय! इथे लोक चक्रावतात. मग स्प्रिंग-कोअरही वर जातो, मग त्याला लागणारा पुढचा, आणि हळूहळू अख्खं लिब वर चढतं.

त्या सर्व्हरवर दुसरं ॲप असेल तर त्याचीही शांतता गेली. स्प्रिंग सुरू होताना जॅकसनसारखी (जेसन हाताळणारी) लायब्ररी उपलब्ध आहे का हे क्लासच्या नावावरून तपासतं आणि असेल तर ती वापरायला घेतं. तुम्ही एका ॲपसाठी वर टाकलेला जार शेजारच्या ॲपलाही दिसू लागतो आणि कुणी काही न बदलता त्याचं वागणं बदलतं. एकच क्लास दोन लोडरनी दोनदा उचलला तर क्लास कास्ट एक्सेप्शन येतं, ज्यात दोन्हीकडे अगदी तेच नाव लिहिलेलं असतं. असं दिसलं की कोड शोधत बसू नका, जार दोन जागी आहे का ते बघा.

सामायिक लिबमध्ये मी जवळपास एकच गोष्ट ठेवतो: डेटाबेसशी बोलणारा जेडीबीसी ड्रायव्हर, तोही डेटासोर्स (डेटाबेस जोडणीची नोंद) टॉमकॅटच्या कॉन्फिगमध्ये लिहिला असेल तरच. कारण तो कनेक्शन पूल टॉमकॅट स्वतः बनवतो आणि त्याला तुमच्या वॉरमधला ड्रायव्हर दिसत नाही. बाकी ॲपला जे लागतं ते ॲपच्या वॉरमध्ये.

जावाएक्स आणि जकार्ताचा घोळ

ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई (सर्व्हरवरच्या जावाचे मानक एपीआय) एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. जावाएक्स हे पॅकेजनाव पुढे बदलत्या कामासाठी वापरता येणार नाही असं ठरल्यावर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये ही पॅकेजं जकार्ता नावाने आली. टॉमकॅट ९ जावाएक्स समजतो, टॉमकॅट १० आणि पुढचे जकार्ता. एकच टॉमकॅट दोन्ही समजत नाही.

म्हणून सर्व्हर बदलला, नवा लिनक्स आला (डेबियन १२ मध्ये टॉमकॅट १० मिळतो), आणि जुनी वॉर तशीच उचलून ठेवली, की एचटीटीपी सर्व्हलेटचाच क्लास गायब. यावर सर्व्हलेट एपीआयचा जुना जार वॉरमध्ये घालणारे खूप भेटतात. त्याने एरर गेल्यासारखं वाटतं, पण टॉमकॅटला तुमचा सर्व्हलेट सर्व्हलेट म्हणून ओळखताच येत नाही. मग कास्टचा एरर, नाहीतर सगळीकडे ४०४. आगीतून फुफाट्यात.

सरळ मार्ग तीन आहेत. जुनं ॲप टॉमकॅट ९ वर चालवा. किंवा टॉमकॅट १० मध्ये वॉर वेबॲप्सऐवजी वेबॲप्स-जावाईई नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, टॉमकॅट ती रूपांतरित करून घेतो. किंवा कोड बदला. मी घाईच्या वेळी पहिला निवडतो आणि तिसऱ्यासाठी वेळ मागून घेतो. स्प्रिंग ५ असेल तर टॉमकॅट ९, स्प्रिंग ६ किंवा स्प्रिंग बूट ३ असेल तर टॉमकॅट १०.१ आणि किमान जावा १७, ही जोडी तोडू नका.

आणि कोड बदलताना अख्ख्या प्रोजेक्टमध्ये जावाएक्स शोधून जकार्ता करणारे उत्साही वीर, थांबा! जावाएक्स-एसक्यूएल, जावाएक्स-नेमिंग, जावाएक्स-क्रिप्टो ही पॅकेजं जेडीकेची आहेत, ती जागची हललेली नाहीत. तीही बदललीत तर नव्याने क्लास गायब होतील, आणि या वेळी ते खरोखरच कुठे नसतील.

बाकीच्या, पटापट

एक्लिप्समध्ये बिल्ड पाथला जार जोडला म्हणजे तो वॉरमध्ये गेला असं नाही. डिप्लॉयमेंट असेंब्लीत मेव्हनच्या (लायब्ररी गोळा करून वॉर बांधणाऱ्या साधनाच्या) डिपेंडन्सी आहेत का बघा. स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट लोडर लिसनर सापडत नाही, या जुन्या रडगाण्याचं कारण बहुतेकदा हेच.

मेव्हनच्या पॉम फाइलमधला स्कोप वाचा. प्रोव्हायडेड आणि टेस्टवाले जार वॉरमध्ये जात नाहीत, सिस्टिमवालेही नाहीत. सर्व्हलेट एपीआयला प्रोव्हायडेड बरोबर, ड्रायव्हरला नाही.

जावा ८ वरून ११ वर गेलात आणि जॅक्सबीचे (एक्सएमएल हाताळणारे) क्लास गेले? ते २०१८ च्या जावा ११ मधून काढूनच टाकलेत. डिपेंडन्सी म्हणून स्वतः जोडा. इथे मात्र जार जोडणं हेच योग्य उत्तर आहे.

अनसपोर्टेड क्लास व्हर्जन आलं तर आकडे बघा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. क्लास हरवलेला नाही, सर्व्हरचा जावा जुना आहे.

वेब-इन्फ हे नाव मोठ्या अक्षरांतच हवं. लहान अक्षरांत लिहिलेलं लिनक्सवर चालत नाही.

नो सच मेथड आलं तर बहुतेकदा एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन आत असतात, नाहीतर असलेलं व्हर्जन चुकीचं असतं.

नवी वॉर टाकताना जुनं उलगडलेलं फोल्डर मी नेहमी काढून टाकतो. आधी टॉमकॅट बंद, मग ते फोल्डर आणि टॉमकॅटच्या वर्क फोल्डरमधला जुना माल साफ, मग नवी वॉर. टॉमकॅट स्वतः ओळखेल असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण माझ्या सर्व्हरवर हाच क्रम.

मी स्वतः काय करतो

कुठलाही जार उतरवण्याआधी वॉर उघडून बघतो. जार कमांडला टी आणि एफ देऊन वॉरमधली यादी काढायची आणि ग्रेपने हवा तो जार शोधायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. जार तिथे असेल तर तशीच त्या जारची यादी काढून आत क्लास आहे का बघायचं. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हललेला असतो, हे इथेच कळतं. जार वॉरमध्ये नसेल तर मेव्हनची डिपेंडन्सी ट्री काढून तो कुणी वगळला ते शोधायचं. आणि जार असूनही भलताच क्लास उचलला जातोय असा संशय असेल तर जेव्हीएमला व्हर्बोज क्लासचा पर्याय देऊन सुरू करायचं, प्रत्येक क्लास कुठल्या फाइलमधून आला ते तो छापतो. लॉग अवाढव्य होतो, म्हणून हे टेस्ट सर्व्हरवर.

एवढं करूनही अडलात आणि कुणाची मदत मागणार असाल तर सोबत द्या: रीस्टार्टनंतरचा पहिला एरर शेवटच्या कॉज्ड बायसकट, मजकूर म्हणून, टॉमकॅटचं आणि जावाचं पूर्ण व्हर्जन, वॉरमधल्या लिबची यादी, आणि आत्तापर्यंत हाताने कुठे कुठे जार टाकले तेही, न लपवता. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, त्यात कॉज्ड बाय मावत नाही.